सिनेमातून गाळलेली आजी

२३ मे, शनिवार

वहीबाई, कशा आहात? जन्मभर पत्रंच लिहिली, रोजनिशी ही पहिलीच, तेव्हा सुरुवात पत्रासारखी होणार, समजून घ्या. तुमची प्रकृती ठणठणीत दिसते, अंगावर एक सुरकुती नाही. सौमित्रची मान अजून धरलेलीच. दिवसभर ऑफिसात तीन-तीन पडद्यांपुढे बसतो माझा लेक, मान जागेवर आहे हेच नवल. सूनबाई मीनलचं पित्त? तिच्या बँकेतला साहेब बदलला की बरं होईल, गोळ्यांचं ते काम नाही. माझ्या नातीचा, इराचा घसा? बाहेर अंगाची लाही होतेय आणि ही पोर एसी अठरावर ठेवून रजईत शिरून बसते. खोलीचा पार कैलास करून टाकलाय. घसा कुठून राहणार! बाल्कनीतली तुळस बरी आहे, या घरात नेमाने पाणी पिणारी ती एकटीच. माझे गुडघे विचारू नका. आणि भिंतीवरच्या फोटोतले आमचे पद्माकरराव, त्यांची तब्येत आता बिघडायची सोयच राहिली नाही. तेवढी एक काळजी कमी.

आता मुद्द्याचं. जूनअखेर माझा या परक्या देशात राहायचा पास संपतोय. सौमित्र वाढवून घ्यायला निघाला होता, मी म्हटलं थांब. मिरजेला वत्सलाकडे, माझ्या धाकट्या बहिणीकडे, खालची खोली रिकामी आहे. मी परत जाणार.

सौमित्रचा चेहरा पडला. "आई, कोणी काही बोललं का तुला?"

कोणी काही बोलत नाही, हेच तर दुखणं आहे. मी आले तेव्हा इरा चार वर्षांची होती. भरवायला आजी, झोपवायला आजी, शाळेच्या बसपाशी आजी. आता तेरावं लागलंय. काही विचारलं की "नको आजी." थालीपीठ? नको आजी. गोष्ट? नको आजी. केस विंचरू? आजीऽऽ! जमीन पुसायलासुद्धा आपोआप फिरणारी एक गोल चकती आणलीय. ती माझ्या पायात येते आणि मी तिच्या. दोघींपैकी कामाची ती आहे. मग बिनकामाचं बसून राहायचं ते किती?

इराला सांगितलेलं नाही. तिचा सिनेमा एकदा होऊ दे, मग सांगू असं आम्ही तिघांनी ठरवलंय.

२६ मे, मंगळवार

सिनेमा म्हणजे 'हलाहल हायस्कूल'. मूळची चार जाडजूड इंग्रजी पुस्तकं, इराला तोंडपाठ. समुद्राच्या तळाशी शाळा, देवांची आणि दैत्यांची नातवंडं एकाच वर्गात. गौरा नावाची मुलगी, तिच्या गळ्यावर निळा डाग. वार्षिक परीक्षा म्हणजे दरवर्षी समुद्रमंथन. वासुकी सापाची दोरी करायची, दैत्यांच्या पोरांनी तोंड ओढायचं, देवांच्या पोरांनी शेपटी. गौराची गोदाआजी रोज डबा घेऊन येते आणि पाठ दुखते, पाठ दुखते करत गोष्टी सांगते.

मी चौथी पास. इंग्रजी शिकले ती सौमित्रचा अभ्यास घेता घेता. तो पुढे गेला, मी त्याच्या मागच्या वर्षाची पुस्तकं वाचत राहिले. या मालिकेचे दोन भाग शब्दकोश मांडीवर घेऊन संपवले. तिसऱ्याच्या पहिल्याच पानावर देवांची अख्खी वरात आली, तिथे हात टेकले.

शनिवारी पहिल्या खेळाला इरा आणि तिची मित्रमंडळी वासुकी घेऊन जाणार आहेत. तो शिवायचं काम माझ्याकडे. माझ्या हिरव्या साड्या जोडतेय, इरकलीच्या काठाचं पोट केलंय. "खवले नीट हवेत हं आजी, अँड नो फ्लावर्स," अशी ताकीद आहे. इतकं देखणं पोट खऱ्या वासुकीलाही नसेल. मंथनात सालटी निघाली असतील बिचाऱ्याची.

३० मे, शनिवार

साप एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने नेला. तोंड अश्विनकडे, हा इराच्या वर्गातला तमिळ मुलगा, दैत्यपक्ष. शेपटी इराकडे. मधलं पोट माझ्या खांद्यावर. सरकत्या जिन्याशी मी नेहमीसारखी थांबले, "बाबा रे, सांभाळ," म्हटलं आणि मग पाय ठेवला. तेवढ्यात मागे सगळा साप तुंबला.

"आजी! जस्ट स्टेप, लाह!" इरा लाजून लाल. हे 'लाह' इथल्या पोरांच्या प्रत्येक वाक्याला चिकटलेलं.

स्टेशनवरच्या माणसाने विचारलं हे काय. अश्विन गंभीरपणे म्हणाला, "स्नेक, अंकल. व्हेरी टेम." त्याने जाऊ दिलं. या देशात पास आणि शिस्त असली की सापसुद्धा चालतो.

सिनेमा मला आवडला, वहीबाई, खोटं कशाला बोलू. मंदार पर्वत म्हणजे काचेची उंच इमारत. ऐरावत संगणकावर केलेला, उकडलेल्या बटाट्याला सोंड चिकटवावी तसा. धन्वंतरी सदरा न घालता दंड फुगवत फिरतो. हा वैद्य नाडी बघणार की कुस्ती खेळणार? आणि गोदाआजी? नाहीच! पहिल्याच दृश्यात भिंतीवर फोटो आणि फोटोला हार, तोही प्लास्टिकचा. तिच्या जागी बोलणारं यांत्रिक मुंगूस. सापाच्या शाळेत मुंगूस! मी इतकी हसले की शेजारच्या चिनी बाईंनी मला त्यांचे पॉपकॉर्न दिले.

पोरं मात्र हसली नाहीत. तो फोटो दिसला तसा सगळ्या थिएटरने एकदम श्वास आत ओढला. शेवटी कोणीतरी अंधारात ओरडलं, "व्हेअर इज आजी?" मग सगळीच ओरडायला लागली. अश्विन वासुकीच्या तोंडाने डोळे पुसत होता.

बाहेर आल्यावर इराने विचारलं, "तुला आवडला?"

"फक्कड! त्या म्हातारीला गाळलं ते बेस केलं. सारखी आपली पाठ, पाठ. तिच्यावाचून काही अडलं का गोष्टीचं?"

इराने माझ्याकडे असं बघितलं, जणू कात्री मीच चालवली. घरापर्यंत तरातरा पुढे चालली. शेपटी जमिनीवरून फरफटत होती. माझी इरकल!

३१ मे, रविवार

इराचं तोंड बंद, दार बंद.

सिनेमा आवडलेली मी एकटीच का, म्हणून मीनलला विचारलं. तिने टॅबवर या पुस्तकवेड्यांचा अड्डा उघडून दिला. अगंबाई! जगभरची पोरं तिथे ऊर बडवतायत. एकाने तिकीट जाळल्याचा व्हिडिओ टाकलाय. एकीने सिनेमाचं तेरावं घातलंय, खिरीच्या वाटीच्या फोटोसकट. एकाने फलक केलाय: 'हरवली आहे. नाव गोदाआजी. वय पुराणकाळापासून. पाठ दुखते. कोणास आढळल्यास दिग्दर्शकाच्या टाळक्यात हाणावं.'

माझ्याच्याने राहवेना. नाव घ्यावं लागतं म्हणून 'कासव' घेतलं, एका बोटाने टाइप करते ना मी. खरं नाव-वय इंटरनेटवर सांगायचं नाही, हे इरानेच शिकवलंय. लिहिलं: 'सिनेमा चांगला आहे. आजीची गरज नव्हती. गोष्ट नीट चालते.'

चहा उकळेपर्यंत शिव्यांचा ढीग पडला. एक म्हणाला, याला सिनेमावाल्यांनी पढवलंय. दुसरा म्हणाला, हा कुणीतरी अकरा वर्षांचा मुलगा आहे, दूध पिऊन झोप. पद्माकरराव, ऐकलंत का? अकरा वर्षांचा मुलगा!

वर्षानुवर्षं मला इतक्या जणांनी उत्तर दिलं नव्हतं. गुडघे दुखायचे राहिले.

२ जून, मंगळवार

त्यांच्यात एक आहे, 'टेल साइड' नावाची. मी तिला शेपटी म्हणते. काय तिखट पोर आहे! बाकीचे शिव्या देतात, ही मुद्दे काढते.

'तुझं नाव कासव आणि तू हे लिहितोस? तिसरा भाग तरी वाचलास का?'

मी तोंडात मिठाची गुळणी धरली. मग लिहिलं, आजीचं काम काय असतं, तर डबा आणणं. मुंगूसही डबा आणतं.

'तू कधी आजी बघितली आहेस का?' शेपटीने विचारलं.

कुठली असेल? आज लिहिते, 'इथे मी गोठलेय, ब्लँकेटमधून एका हाताने टाइप करतेय.' म्हणजे कॅनडा. तिकडे जूनमध्येही थंडी असते वाटतं. आईबापांनी कुठे नेऊन टाकलंय लेकराला!

आमची इरा सुट्टी लागल्यापासून कैलासातून खाली उतरत नाही. तिचा फोन मात्र आतून सारखा वाजत असतो. विचारलं, त्या अड्ड्यावर तू जातेस का गं? तर म्हणाली, "नको आजी." हे उत्तर आहे का?

४ जून, गुरुवार

शेपटीचं आजचं उत्तर इथे मराठीत उतरवून ठेवते.

'माझी आजी सरकत्या जिन्यावर पाय ठेवण्याआधी त्याला सांगते की बाबा, सांभाळ. सगळे बघतात. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण आता मी एकटी असले तरी जिन्याशी मनातल्या मनात तसंच म्हणते. नाही म्हटलं तर पाय उचलत नाही. हे मला मुंगूस देणार आहे का?'

वाचून फार बरं वाटलं. मला वाटायचं, जिन्याशी बोलणारी वेडी मी एकटीच. कॅनडातही आहे एक! आजीलोकांचं सगळीकडे सारखंच.

तरी हार मानली नाही. लिहिलं, जिना तसाही सांभाळतोच, विजेवर चालतो.

६ जून, शनिवार

इरा बॅडमिंटनला गेल्यावर तिच्या कपाटातून तिसरा भाग काढला. एसी बंद करून, तिच्याच पलंगावर बसून शेवट वाचला.

तर काय, मंथन सुरू होतं, पर्वत बुडायला लागतो. देवांची पोरं दैत्यांच्या नावाने ओरडतात, दैत्यांची देवांच्या. गौरा पाण्यात उडी मारते. तळाशी बघते तर पर्वताखाली गोदाआजी. तीच कासव! पहिल्या दिवसापासून शाळा, पर्वत, सगळं पाठीवर घेऊन बसलेली. आणि डबा? तो वर कोण आणत होतं, हे लेखकाने सांगितलेलं नाही, पण तेवढं चालायचं. दोन भाग बाई पाठ दुखते म्हणून कण्हत होती आणि मी कंटाळून पानं उलटत होते. दुखणारच की! दुसरी कोणी असती तर तिने पर्वत कधीच टाकला असता.

म्हणजे सिनेमावाल्याने कासवच गाळलं. आता कळलं पोरांचं.

डोळे पुसले, पुस्तक होतं तिथे ठेवलं, टॅब घेतला. पण वाकायचं कसं? लिहिलं ते असं:

'तिसरा भाग वाचला. तुझं बरोबर. पण ते पुस्तकात. खऱ्या घरात पर्वत बुडत नाही. मी अकरा वर्षांचा मुलगा नाही, स्वतःच आजी आहे. या महिनाअखेर मी नातीचं घर सोडून माझ्या गावी चालले. घर नीट चालेल, नातीला कळणारही नाही. म्हणून म्हणते, सिनेमावाल्याचं अगदीच चुकलं नाही. आय कम नाऊ.'

शेवटचं मुद्दाम लिहिलं. निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं, मग ते टॅबवरून का असेना. इरा लहानपणी मला हसायची, "आजी, यू आर गोइंग, नॉट कमिंग!" आता हसतही नाही.

संध्याकाळ

इरा जेवली नाही. डोळे लाल. मीनल म्हणाली, शटल लागलं असेल. मी पोळीभाजीचं ताट घेऊन दाराशी गेले. "थोडं खातेस का गं?" आतून "नको आजी." तेही धड नाही, नाकातून. घसा बसलाच शेवटी. सांगून सांगून दमले एसीचं.

८ जून, सोमवार

शेपटी गप्प. दोन दिवस झाले. मी आजी आहे म्हटल्यावर बिचकली असेल. किंवा म्हातारीशी कोण वाद घालणार, असं वाटलं असेल. अड्ड्यावर बाकीचे आहेत, पण त्यांच्या शिव्यांना चव नाही.

इराही गप्प. स्वयंपाकघरात येते, माझ्याकडे बघते, फ्रिज उघडते, बंद करते, जाते. फ्रिज बिघडलाय का म्हणून सौमित्रला बघायला सांगितलं.

९ जून, मंगळवार

शेपटीचं आलं! सूर पार बदललाय. आधी अरे-तुरे होतं, आता 'प्लीज' काय, 'मॅम' काय.

'तुमच्या नातीला माहीत आहे का तुम्ही चाललात ते?'

मी लिहिलं, नाही.

'तिला विचारलंत का?'

विचारायचं काय त्यात? काहीही विचारलं की नको म्हणते.

मग आलं: 'कदाचित तुम्ही ताट हातात घेऊन विचारता. मग ती ताटाला नको म्हणते. तुम्हाला नाही. एकदा ताट खाली ठेवून विचारा.'

मी चकित झाले. ही पोर बसली कुठे, आणि माझ्या हातातलं ताट हिला दिसलं कसं? मग वाटलं, हिच्या आजीच्याही हातात ताट असणारच. आमच्या जातीची खूणच ती. आठवून बघितलं, तर खरंच की. गेल्या दोन-तीन वर्षांत मी इराशी काही खायला न घेता बोललेच नाहीये.

पण धीर होत नाही. ताट नसेल तर हात ठेवायचे कुठे?

११ जून, गुरुवार

विचारलं.

दुपारी हात रिकामे घेऊन कैलासावर गेले. इरा रजईत, तोंड भिंतीकडे. पलंगाच्या कडेला बसले. थंडीने दात वाजत होते, त्यात पहिलं वाक्य सापडेना.

"इरा, मी मिरजेला परत गेले तर चालेल का गं तुला?"

मला वाटलं होतं, नको आजी म्हणेल. यावेळी तेच ऐकायला कान टवकारले होते, तर बाईंनी उलट मलाच विचारलं,

"तुला कोणी जायला सांगितलं?"

"कोणीच नाही. पण मला इथे काम काय आहे?"

"कासवाला काय काम असतं?" भिंतीलाच सांगत होती. "जस्ट सिट देअर ओन्ली. खाली. दॅट्स द होल जॉब, लाह."

"अगं, ते पुस्तकातलं सोड. मी आपल्या घरचं बोलतेय."

"मीपण घरचंच बोलतेय."

रजईतून एक हात बाहेर आला आणि माझ्या पदराचं टोक धरून परत आत गेला, पदरासकट. चार वर्षांची असताना झोपायची तसा. मी हलले नाही. हलले असते तर पदर फाटला असता, इतका घट्ट.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "पाठ दुखते का तुझी?"

"दुखते की. सारखी."

उठली आणि पाठ चोळायला लागली. फार वाईट चोळते, कणीक तिंबल्यासारखी. तिचं नाक वाजत होतं, माझंही. एसी पंचविसावर केला तिने आपणहून.

पुस्तक मात्र या पोरीच्या डोक्यात पार भिनलंय हं. जिथे तिथे कासव!

१३ जून, शनिवार

सौमित्रला सांगितलं, पास वाढव. काही न विचारता मान हलवली त्याने, म्हणजे मान सुटलेली दिसते. मीनलने वत्सलाला फोन लावून दिला. वत्सला म्हणाली, "मला ठाऊकच होतं. खोलीत मी कांदे भरून ठेवलेत."

आज इरा बॅडमिंटनला निघाली. रोज "बाय" म्हणून दार आपटते. आज दारात थांबली, बूट घालून परत वळली आणि म्हणाली, "येते हं, आजी." कुठून उचललं कोण जाणे. मी पोळ्या करत होते, एक करपली.

आता शेपटीला लिहायला हवं. उपकार आहेत तिचे. साता समुद्रापलीकडच्या, तोंडही न पाहिलेल्या पोरीने मला शहाणपण शिकवलं आणि सख्खी नात मात्र भिंतीशी बोलते, असं चाललंय. टॅबवर इंग्रजीत उतरवण्याआधी इथे मराठीत लिहून बघते:

'चि. शेपटी, अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे? थंडी कमी झाली का? तुझ्या आईवडिलांची, त्या जिन्याशी बोलणाऱ्या आजीची प्रकृती कशी आहे? मी ताट खाली ठेवून विचारलं. मी जात नाही. पर्वत आमच्याकडे तसा लहानसाच आहे, आत्ता कुठे तेरावं लागलेला, पण बुडाला असता म्हणे. सिनेमाबद्दलचं माझं मत मी मागे घेते, मुंगसाबद्दलचं नाही. ते मुंगूस चांगलंच होतं. तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग. म्हणावं, नातीला वळण चांगलं लावलंत, फक्त तिखट जरा कमी घाला. आणि तिची पाठ दुखत असेल तर चोळून दे, विचारत बसू नकोस. माझी नात बॅडमिंटनहून आली की तिलाही तुझ्याबद्दल सांगणार आहे, तुमचं दोघींचं छान जमेल. वाट बघते. उत्तर लवकर लिही.

येते.
कासव'